न मागितलेली लिफ्ट

लीड्स शहर व आसपासच्या उपनगरांत राहणाऱ्या तमाम मराठी बंधुभगिनींस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या जुलै महिन्यापासून श्री. प्रभाकर मोहरील यांची निळी गाडी रस्त्यावरून कायमची मागे घेण्यात आली आहे. सबब यापुढे कोणासही, कोणत्याही ठिकाणी जाण्यासाठी, मागितली नसताना लिफ्ट मिळणार नाही. भगिनींनी बसस्टॉपवर निर्धास्तपणे उभे राहावे. बंधूंना कचऱ्याच्या बिनमागे लपण्याचे कारण उरलेले नाही.

हे निवेदन काढायचा अधिकार मला कोणी दिला, असं कोणी विचारेल. पाच वर्षं त्या गाडीच्या पुढच्या सीटवर, मांडीवर कोणाचं तरी पातेलं घेऊन मी बसले आहे. याहून मोठी पदवी मला तरी माहीत नाही.

मोहरीलकाका मूळचे नागपूरचे, वय शहात्तर. बारीक चण, इस्त्रीचा शर्ट, हिवाळा असो की उन्हाळा गळ्यात मफलर. जगातला कुठलाही माणूस "लिफ्ट हवी का?" असं विचारतो. काका विचारत नसत. गाडी तुमच्या शेजारी येऊन थांबे, काच अर्धी खाली येई आणि आतून घोषणा होई, "लिफ्ट आहे!"

तुम्ही कुठे निघालात, निघालात की नाही, हे प्रश्न नंतरचे. मला डॉक्टरनं रोज अर्धा तास चालायला सांगितलं आहे. काकांच्या राज्यात मी सलग चार मिनिटांच्या वर कधी चालले नाही.

"काका, मी व्यायामाला निघालेय."

"कुठे आहे?"

"काय?"

"व्यायाम. सोडतो ना तिथपर्यंत."

आणि मी बसायचे. दमलेल्या माणसाला वाद घालण्यापेक्षा गाडीत बसणं सोपं वाटतं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

आता या सगळ्याचं मूळ सांगते. हा माणूस एका इंग्रजी शब्दावर उभा होता. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं ते लिफ्टचे इंजिनिअर होते. ते म्हणत, "मी या देशात आलो बाप्पा, तेव्हा मला इंग्रजी किती येत होतं? एक शब्द. लिफ्ट. त्याच्यावर नोकरी लागली, घर झालं, पेन्शन झाली. बाकीचे शब्द तुम्ही लोक वापरा."

पण तो एक शब्द इंग्रजांनी कुठे कुठे वापरून ठेवला आहे, यावर त्यांची बारीक नजर असे. कोणी लिफ्ट हा शब्द उच्चारला की काका तो प्रयोग तपासायला घेत. कसोटी एकच. कोणीतरी कुठेतरी पोचलं पाहिजे. पोचलं तर ती लिफ्ट, नाहीतर शब्दाचा गैरवापर.

माझी मुलगी रिद्धी याच देशात जन्मली, याच देशात वाढली. एकदा मागच्या सीटवरून म्हणाली, "काका, माझी जिममध्ये सगळे मुलं लिफ्ट करतात."

"काय लिफ्ट करतात?"

"वेट्स."

"नेतात कुठे?"

"कुठेच नाही. वर करतात, मग परत खाली ठेवतात."

"जिथून उचलली तिथेच?"

"हो."

काकांनी आरशातून तिच्याकडे फार दुःखानं पाहिलं. "आमच्या खात्यात अशा लिफ्टला बिघाड म्हणतात, पोरी."

त्यांच्या शेजारची मार्गारेट परसात भाज्या लावते. ती म्हणाली, या आठवड्यात बटाटे लिफ्ट करायला हवेत. म्हणजे जमिनीतून काढायला हवेत. काका कुंपणापाशी उभे राहून विचार करत राहिले आणि पसंतीची मान हलवली. बटाटा तळघरातून निघून स्वयंपाकघरात पोचतो, चोख काम आहे. दुकानातून वस्तू उचलण्याला शॉपलिफ्टिंग म्हणतात, हे मी मुद्दाम काडी घालायला सांगितलं. "पोचतं," ते नाइलाजानं म्हणाले, "पण चुकीच्या घरी." टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईंनी दुपारी बारापर्यंत धुकं लिफ्ट होईल असं सांगितलं, त्या दिवशी त्यांचा मला एक वाजता फोन आला. "वृंदा, खिडकीतून बघ. अजून तळमजल्यावरच आहे."

पुण्याहून नवीन आलेला एक आयटीवाला गाडीत बसल्या बसल्या लिफ्टला "एलिव्हेटर" म्हणाला. त्याची कंपनी अमेरिकन. काकांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि थंडपणे विचारलं, "तुला कुठे उतरायचंय?"

"महाराष्ट्र मंडळाच्या हॉलला, काका."

"मग नीट बोल."

मराठीतला प्रयोग मात्र त्यांनी स्वतःहून सांगितला. "कॉलेजात नलू मला तीन वर्षं लिफ्ट देत नव्हती."

नलू म्हणजे त्यांची बायको. मी लीड्सला आले त्याच्या वर्षभर आधी ती गेली, त्यामुळे मी तिला फक्त काकांच्या बोलण्यात भेटले.

"मग काय केलंत?"

"काय करणार? लिफ्टच शिकलो."

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. वाटू द्या. तुम्ही त्या गाडीत बसला नव्हता.

गाडीत नियम होते. सगळ्यांचे पट्टे लागेपर्यंत ती हलायची नाही. मग काका मागे वळून म्हणत, "चार व्यक्ती, तीनशे वीस किलो." हॉस्पिटलातल्या कुठल्याशा लिफ्टमध्ये ती पाटी होती म्हणे. किलोंचा आकडा उच्चारताना ते दर वेळी माझ्याकडेच का बघत, हे मी विचारलं नाही. मग "दारं बंद होत आहेत," असं म्हणून ताशी वीस मैलांनी आमची मिरवणूक निघे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत. काका हात वर करून त्यांना अभिवादन करत.

आमच्या घरापासून मंडळाचा हॉल बारा मिनिटांवर आहे. काकांबरोबर एक तास दहा मिनिटं, कारण गाडी भरल्याशिवाय ते हॉलकडे वळत नसत. आणि आपली माणसं! पहिल्या हाकेला लगेच गाडीत येऊन बसणं आपल्याकडे बरं दिसत नाही. आधी दारात "नको नको, कशाला तुम्हाला त्रास". मग "अहो त्रास कसला". मग "आम्ही येऊ बसनं". मग आतून डबा, डब्यासाठी पिशवी, पिशवीत डाव घालायचा राहिला म्हणून पुन्हा आत. हे प्रत्येक घरी. तोवर माझ्या मांडीवर आधीच्या घरचा मसालेभात. हिवाळ्यात इथे चारला अंधार पडतो. मी उजेडात निघायचे, अंधारात पोचायचे आणि कार्यक्रमभर माझ्या अंगाला गोडा मसाल्याचा वास यायचा.

"काका, एखाद्या दिवशी आपण दोघंच सरळ गेलो तर?"

"रिकामी लिफ्ट चालवणं वाईट, वृंदा."

"रिकामीला तर कमी जोर लागेल ना?"

"सगळ्यांना असंच वाटतं." त्यांनी राउंडअबाऊटला एक जादा चक्कर मारली, कारण विषय मोठा होता. "लिफ्टच्या मागे वजन लटकवलेलं असतं. अर्ध्या भरलेल्या लिफ्टला ते बरोबर तोलतं. मोटरला फारसं काम नाही. पण रिकामी लिफ्ट खाली आणायची म्हणजे त्या वजनाला वर ओढायचं. खरी मेहनत तेव्हा पडते. आवाजावरून कळतं."

"मग आपण दोघं म्हणजे बरोबर अर्धी की!"

"तू फार हुशारी करतेस," असं म्हणून ते तिसऱ्या घराकडे वळले.

आम्ही सगळ्यांनी सुटकेचे उपाय करून पाहिले. कोणी मागच्या गल्लीतून जाई, कोणी फोनवर बोलण्याचं सोंग करी. मी एकदा त्यांची गाडी येताना दिसली म्हणून फुटपाथवरच्या बिनमागे खाली बसले. गाडी थांबली. काच खाली आली.

"काही पडलं का?"

"चष्मा," मी म्हटलं.

काका हातात टॉर्च घेऊन उतरले. या वयात गुडघे टेकून त्यांनी दहा मिनिटं फुटपाथ शोधला, बिन हलवून पाहिलं. मग टॉर्च माझ्या तोंडावर मारून म्हणाले, "नाकावर आहे. लिफ्ट आहे."

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला मी ठरवलंच. काकांना निरोप पाठवला की डोकं फार दुखतंय, येत नाही. रिद्धी नाचाच्या तालमीसाठी सकाळीच गेली होती. मला न्यायला माझी मैत्रीण अनघा आली, आणि अगदी बारा मिनिटांत आम्ही हॉलवर. वाटेत कळलं, तिनंही काकांना पाहुणे आलेत म्हणून सांगितलं होतं. बाकीच्या दोन घरांनीही असंच काहीतरी कळवलं होतं. आम्ही खूप हसलो.

अनघा पोरांचे कपडे घेऊन धावत आत गेली. मी दारात फोन काढून उभी राहिले. हे मी नेहमी करते. नवऱ्याची नोकरी बर्मिंगहॅमला, आठवडाभर तो तिकडे असतो आणि शनिवारी घरी येऊन झोपतो. त्यामुळे कार्यक्रमांना मी एकटी, आणि आत शिरायच्या आधी मला फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधायचं असतं.

फोनवरून नजर वर केली तर समोर निळी गाडी. आतून काचांवर वाफ धरलेली. काका मफलर गुंडाळून बसले होते, मांडीवर डबा.

काच खाली आली. या खेपेला घोषणा झाली नाही.

"काका, कधी आलात?"

"झाला एक तास."

"मग आत का नाही गेलात?"

ते डब्याच्या झाकणाकडे बघत राहिले. "नलू आधी शिरायची. ओळखी तिच्या, बोलणं तिचं. मी मागून डबा घेऊन. पंचेचाळीस वर्षांत एकट्यानं दारातून आत जायची वेळच आली नाही, बाप्पा. आता जायचं म्हटलं तर समजत नाही. आधी बघायचं कोणाकडे? हात कुठे ठेवायचे?"

मी फोन पर्समध्ये टाकला.

"तुझं डोकं थांबलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं झालं. चल."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी सुटले असते. मी पुढे, काका दोन पावलं मागे, हातात डबा. आत शिरल्या शिरल्या ते एकदम मोहरीलकाका झाले. तीन जणांना परत जाताना लिफ्ट जाहीर करून मोकळे.

इतकी वर्षं आम्ही सगळे त्या माणसाला हॉलच्या दारातून आत सोडत होतो, आणि आमच्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

आता मला साक्षात्कार झाला, मी बदलले, असं लिहायला मला आवडलं असतं. पण पुढच्याच महिन्यात मी पुन्हा एकदा बिनमागे लपले. माणूस दमतो हो.

मग गेला जुलै आला. काकांची एक सवय होती. गाडी काढायच्या आधी फाटकात उभं राहून रस्त्यापलीकडे लावलेल्या मार्गारेटच्या गाडीचा नंबर मोठ्यानं वाचायचा. लिफ्ट चालू करण्याआधी तपासणी करावी तसा. एका सकाळी ते तिथे उभे राहिले आणि शेवटची तीन अक्षरं दिसेनात. डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. मार्गारेट म्हणाली, उद्या बघ, आज ऊन डोळ्यांवर येतंय. काका म्हणाले, ऊन नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, बसनं. दुसऱ्या दिवशी लायसन्स परत पाठवलं. कोणी सांगायच्या आत. नोकरी सोडताना हॉस्पिटलातल्यांनी त्यांना आठवण म्हणून 'आउट ऑफ सर्व्हिस'ची जुनी पाटी दिली होती, ती गाडीच्या आरशाला टांगली आणि मंडळाच्या ग्रुपवर एक ओळ टाकली: "लिफ्ट बंद."

खरं सांगते, आम्हाला सुटल्यासारखं वाटलं. आम्ही हात जोडल्याची, डोळ्यांत पाणी आल्याची चित्रं पाठवली. मग सगळे आपापल्या गाड्यांतून बारा मिनिटांत हॉलवर पोचू लागलो. मी रोज अर्धा तास चालू लागले. दोन किलो उतरले. गणपती झाला, दिवाळी झाली. भात गरम असायचा.

परवा संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी साडी नेसत होते. रिद्धी परीक्षेमुळे घरीच थांबणार होती. पुस्तकातून डोकं वर न काढता तिनं विचारलं, "आई, मोहरीलकाका आता कोणची कारमध्ये येतो?"

"कोणाच्या कारमध्ये येतात म्हण. अनघाच्या."

तरी अनघाला विचारलं. तिचं उत्तर लगेच आलं, "मला वाटलं तुझ्या."

बाकीच्या दोन घरांना विचारायचं मला धाडस झालं नाही.

पाच वर्षं हा माणूस माझ्या दारात आला. त्यांच्या दारात मी त्या दिवशी पहिल्यांदा उभी राहिले. गाडी समोरच लावलेली होती, आरशाला पाटी. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. काका कोट घालून, मफलर बांधून, बुटांना पॉलिश करून तयार, हातात डबा. त्यांच्या मागे काहीतरी गुणगुणत जिना चढत होतं.

मी वाकून पाहिलं. जिन्याच्या कडेनं सरकणारी खुर्ची होती, म्हाताऱ्या माणसांच्या घरात असते तशी. खुर्चीत इस्त्रीचे चार शर्ट बसले होते, पोटाला पट्टा लावून.

"नलूच्या गुडघ्यांसाठी बसवली होती," काका म्हणाले. "मीच बसवली. रोज एक फेरी करतो, नाहीतर बॅटरी बसते. रिकामी कशाला पाठवायची, म्हणून..."

शर्ट वर पोचले. आवाज थांबला.

"तुम्ही निघालात कुठे, काका?"

"हॉलला. तीन वीसची बस आहे ना."

"बसनं? दिवाळीला का नाही आलात मग?"

"आलो होतो."

"आणि गणपतीला?"

"आलो होतो."

"मग दिसला कसे नाहीत?"

ते डब्याची कडी उघडून पुन्हा लावत राहिले. "बस अगदी दारात सोडते. परतीचा स्टॉप समोरच आहे. वीस मिनिटांत येते." थोडं थांबून म्हणाले, "सर्व्हिस चांगली आहे."

डब्यात तिळाच्या वड्या होत्या. दिवाळीला काय होतं आणि ते घरी परत येऊन कोणी खाल्लं, हे मी विचारलं नाही.

"चला," मी म्हटलं, "लिफ्ट आहे!"

आवाज त्यांच्यासारखा काढला होता. जमला नाही.

"नको नको," काका म्हणाले, "कशाला तुला त्रास."

"अहो त्रास कसला!"

"बस आहे ना."

"काका!"

"वृंदा, अगं, मला लिफ्ट घेता येत नाही. मी देणारा माणूस आहे. तू नीघ, तुला उशीर होईल."

येताना गाडीत मी एक भाषण तयार केलं होतं. त्यात समाज होता, आपण सगळे परदेशात असणं होतं, त्यांच्या निळ्या गाडीचे आमच्यावरचे उपकार होते, आणि दोन ठिकाणी माझा कंठ दाटून येणार होता. त्यातलं एक वाक्य आठवेना. काकांनी दाराची कडी धरली होती. तीन वीसच्या बसला सहा मिनिटं होती. मला तो हॉल दिसत होता, दाराशी ठेवलेली तिळगुळाची ताटं, घोळक्यांनी उभी असलेली माणसं, आणि दारात फोनमध्ये डोकं घालून काहीतरी शोधणारी मी. आणि शेजारची मार्गारेट पडदा सारून बघेल इतक्या मोठ्यानं माझ्या तोंडून निघून गेलं,

"अहो काका, चला ना! मला एकटीला नाही हो जमत आत शिरायला!"